लांबच्या राईडचे लहान-लहान प्रश्न

लांबच्या सायकल राईडबद्दल या वेळी पत्रं भरपूर आलीत, सगळी घ्यायला जागा पुरणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत, राग मानू नका. वाचताना एक जाणवलं, वेगाबद्दल फक्त एकानं विचारलंय, बाकी बहुतेक बूड, गुडघे, बोटं, पोट, झोप आणि घरची माणसं यांच्याबद्दल. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात कुठेतरी हे वाक्य आहेच, "सुरुवातीला थोडंसंच होतं म्हणून लक्ष दिलं नाही". ते वाक्य मनात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : ताई, सपाट रस्त्यावर माझा वेग विसाच्या वर जात नाही, ओळखीतले सगळे २७-२८ नं जातात. २०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांबची राईड, करायची फार इच्छा आहे. आधी वेग वाढवू की नाव देऊन टाकू?

उत्तर : नाव देऊन टाका. २०० ला साडेतेरा तास असतात, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० आणि १००० ला ७५. साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे थांबे धरून ताशी १५ पडले तरी पुरे. तुम्ही चालत्या सायकलवर विसानं गेलात तर दहा तासांत दोनशे होतात आणि हातात साडेतीन तास उरतात. नेमकं इथेच घोडं पेंड खातं. सहा ठिकाणी थांबलात आणि दर वेळी ४० मिनिटं गेली की चार तास झाले, म्हणजे पाय बरोबर चालूनही तुम्ही वेळेच्या बाहेर. पहिल्यांदा येणारे बरेच जण पहिल्या ७०-८० किमीत कुणाच्या तरी चाकाला चिकटून दम घालवतात, मग प्रत्येक कंट्रोलला, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी, खुर्चीत पसरतात आणि तिथून उठणं जिवावर येतं. त्यापेक्षा पहिले दोन तास असे चालवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, दम लागून शब्द तुटायला लागले की गिअर हलका करा. आणि कंट्रोलच्या दोन किमी आधीपासून मनात म्हणत चला, आधी राईडच्या नोंदीच्या कार्डावर शिक्का, मग बाटल्या, मग टॉयलेट, मग खाणं. या क्रमानं केलं की १५-२० मिनिटांत बाहेर पडता येतं.

ब्रेव्हे ही शर्यत नाहीच. फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १८९१ साली सुरू झाली तेव्हा शर्यत होती, शार्ल तेरों ती सुमारे ७१ तासांत जिंकला होता, पण आज तीच १२०० किमीची राईड दर चार वर्षांनी होते आणि ९० तासांच्या आत परत आलेला प्रत्येक जण ती पूर्ण केलेला असतो, पहिला आणि शेवटचा दोघंही. ज्याला ८९ तास लागले त्यानं काही कमी केलेलं नसतं, उलट तो रस्त्यावर जास्त वेळ टिकलेला असतो आणि मला त्याचं जास्त कौतुक वाटतं.

प्रश्न : ताई, हे विचारायला लाज वाटतेय. १०० किमीनंतर बसवत नाही. सीटवर जेलचं कव्हर घातलं, दोन शॉर्ट एकावर एक घातल्या, तरी मांडीच्या सांध्यात सोलवटतं आणि पुढचा भाग बधिर होतो. मागच्या वेळी फोड आला. हे सगळ्यांना होतं का?

उत्तर : लाज अजिबात वाटू देऊ नकोस. जवळपास सगळ्यांना कधी ना कधी होतं आणि बोलत कुणीच नाही, त्यामुळे प्रत्येक नवीन मुलीला वाटतं की फक्त मलाच होतंय.

जेलचं कव्हर आधी काढून टाक. सीट मऊ असली की बरं वाटतं हे पहिल्या तासापुरतं खरं असतं. मऊ गादीत बसायची दोन हाडं रुततात, मधला भाग वर येतो आणि हाडांवर पडायचा भार नाजूक जागेवर पडतो, बधिरपणा तिथूनच येतो. सीट त्या दोन हाडांच्या रुंदीची पाहिजे. घरी नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक पायरीवर ठेवून त्यावर थोडी पुढे वाकून बस, उठल्यावर दोन खळगे दिसतील, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोज. सीट त्यापेक्षा दोनेक सेंटीमीटर जास्त रुंद लागते. बायकांच्या या दोन हाडांमधलं अंतर साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असतं, म्हणून सायकलबरोबर आलेली अरुंद सीट खूप जणींना चालत नाही, त्यात तुझी काही चूक नाही. मधे खाच असलेली सीट बधिरपणाला बऱ्याच जणींना उपयोगी पडते. सीटचं नाक एखाद-दुसरा अंश खाली चालेल, जास्त केलंस तर सारखी पुढे घसरशील आणि सगळा भार हातांवर येईल.

आता सोलवटणं. पॅडवाल्या शॉर्टच्या आत काहीही घालायचं नसतं, अंतर्वस्त्रसुद्धा नाही, कारण त्याची शिवण नेमकी घासते तिथेच येते. दोन शॉर्ट घातल्यास म्हणजे दोन पॅड एकमेकांवर सरकणार आणि मधे घाम साचणार. एकच चांगली, घट्ट बसणारी, सुरकुती न पडणारी शॉर्ट घाल, जिथे घासतं तिथे क्रीम लाव आणि लांबच्या राईडला मधे एकदा पुन्हा लाव. दर १०-१५ मिनिटांनी वीस-तीस पेडल उभं राहून मार, त्या अर्ध्या मिनिटात रक्त फिरतं. राईड संपली की त्या शॉर्टमध्ये गप्पा मारत बसू नकोस, लगेच बदल, धू, कोरडं कर. आणि फोड आला तर फोडायचा नाही, ताप आला किंवा गाठ कडक होऊन वाढायला लागली तर सरळ डॉक्टरकडे जा आणि स्पष्ट शब्दांत सांग. माझ्या एका मैत्रिणीनं हेच दुखणं तीन आठवडे अंगावर काढलं, शेवटी चीरा द्यावा लागला आणि तिचा सगळा सीझन गेला, मला अजून हळहळ वाटते.

प्रश्न : १२० किमीच्या आसपास उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. गोळी घेतली की राईड पूर्ण होते. गोळी घेत राहिलो तर चालेल का?

उत्तर : नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या अंगातलं पाणी कमी असताना घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो, आणि लांबच्या राईडला पाणी कमी असतंच. शिवाय दुखणं तुम्हाला काहीतरी सांगत होतं ते ऐकू येणं बंद होतं आणि तुम्ही आणखी ८० किमी त्याच गुडघ्यावर रेटता.

पुढच्या बाजूला दुखतंय म्हणजे बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागे दुखलं असतं तर उंच आहे का हे बघायला सांगितलं असतं. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग पंजा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडी वाकण राहते, २५ ते ३५ अंशांच्या मधे असली की ठीक. बदल करताना एका वेळी तीन-चार मिलीमीटरच करा आणि त्यावर दोन-तीन छोट्या राईड मारा, एकदम दोन सेंटीमीटर उचलून दुसऱ्या दिवशी दोनशेला गेलात तर दुखणं पुढून मागे जाईल एवढंच. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, जुनी जागा टेपनं खूण करून ठेवा, परत यावं लागलं तर सापडते.

दुसरं कारण जड गिअर. चढावर ताकद दाखवायची इच्छा सगळ्यांनाच होते पण मिनिटाला ५०-६० फेऱ्या मारत दाबण्यापेक्षा गिअर हलका करून ८० च्या आसपास फिरवलं तर प्रत्येक फेरीत गुडघ्यावर येणारा दाब कमी होतो. आणि एकाच गुडघ्याला होतंय, तर त्या बुटाची क्लीट, म्हणजे तळाची पेडलमध्ये अडकणारी पट्टी, फिरलीय का ते बघा, स्क्रू सैल होऊन ती कळत नकळत वळते. एवढं करूनही दुखतच राहिलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

प्रश्न : करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट राईडनंतर दोन-दोन दिवस मुंग्या आल्यासारखं राहतं. काळजीचं आहे का?

उत्तर : दोन दिवस टिकतंय म्हणजे आता लक्ष द्यायलाच हवं. त्या दोन बोटांकडे जाणारी नस तळहाताच्या बाहेरच्या कडेनं जाते आणि हँडलवर सगळा भार तिथेच पडतो. हाताची जागा दर पाच-दहा मिनिटांनी बदला, कोपर थोडं वाकलेलं ठेवा, मनगट मागे मुडपू नका, हँडलवर जाड टेप गुंडाळा. सीटचं नाक खाली झुकलंय का तेही बघा. टायरमध्ये दगडासारखी हवा भरत असाल तर थोडी कमी करा, रुंद टायर घेता आले तर अजून चांगलं, २८ ते ३२ मिलीमीटरचे टायर लांबच्या राईडला हळू पडतात ही समजूत आता मागे पडलीय. बोटातली ताकद कमी वाटली, शर्टचं बटण लावायला त्रास झाला, तर सायकल बंद करून डॉक्टरकडे जा.

प्रश्न : चौथ्या-पाचव्या तासानंतर खावंसं वाटत नाही, मळमळतं. न खाता गेलो की शंभराव्या किमीला हातपाय गळतात. करू काय?

उत्तर : भूक लागायची वाट बघू नका, चौथ्या तासाला जे होतं त्याची सुरुवात पहिल्या तासात झालेली असते. शरीरात साठवलेली साखर जोरात चालवलं तर दोनेक तासच पुरते, नंतर जे तोंडातून जाईल त्यावरच गाडी चालते. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट एवढा अंदाज ठेवा, एक मध्यम केळं म्हणजे साधारण २५ ग्रॅम, यावरून तुमच्या खाण्याचा हिशोब मांडता येईल. ९० ग्रॅमपर्यंत जाणारे लोक आहेत पण त्यांनी पोटाला कित्येक महिने तशी सवय लावलेली असते, एका राईडमध्ये ते करायला जाल तर अंगाशी येईल. मी घड्याळात दर २५ मिनिटांनी गजर लावते आणि वाजला की दोन घास, इच्छा असो नसो. एकदम पोटभर जेवून चढ चढायला घेतला की मळमळ ठरलेली, कारण रक्त पायांना हवं असतं आणि पोटालाही.

आधीच मळमळत असेल तर वेग उतरवा, अगदी चालण्याइतका झाला तरी चालेल, डोक्यावर मानेवर पाणी घ्या आणि १५-२० मिनिटं फक्त घोट-घोट प्या. गोड नको वाटलं तर खारट घ्या, जीभ कंटाळते म्हणून खिशात दोन्ही चवी ठेवायच्या. आणि दोन बाटल्या असतील तर एकीत मीठ-साखरेचं पाणी, कारण तासन्‌तास नुसतं साधं पाणी भरपूर पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, बोटं सुजतात, माणूस गोंधळल्यासारखं बोलतो. असं कुणी दिसलं तर त्याला आणखी पाणी पाजू नका, सायकलवर बसू देऊ नका, मदत बोलवा.

प्रश्न : एकाच राईडमध्ये तीन पंक्चर. दर वेळी नवीन ट्यूब टाकली, टायर आतून हातानं चाचपला, काही सापडलं नाही. टायर बदलू का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझी एक रात्र आठवली. ४०० ची राईड, साधारण अडीचशे किमी झालेले, पावसाची बुरबुर, मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, आठ किमीत पुन्हा बसलं. तोवर बोटं इतकी गार पडली होती की टायर आतून चाचपला तरी काही कळत नव्हतं. दुसरी ट्यूबही गेल्यावर मी हमसून रडले, खरंच, रस्त्याच्या कडेला बसून. मग एका सहकारी रायडरनं थांबून हेडलाईट धरला आणि एक साधी गोष्ट विचारली, भोक वॉल्व्हपासून किती लांब आहे. ट्यूबमध्ये हवा भरून ती गालाजवळ फिरवत भोक शोधलं, वॉल्व्हपासून ते वीतभर अंतरावर होतं. ट्यूब टायरवर तशीच आडवी धरली आणि वॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना वीतभर, तेवढीच जागा त्यानं रुमालाचं टोक फिरवून तपासली. रुमालाचा एक धागा अडकला. पापणीच्या केसाएवढी तार होती, टायरमध्ये हवा नसताना आत दबून बसायची आणि भार आला की टोक बाहेर काढायची. बाहेरून चिमट्यानं ओढून काढली, त्यानंतर उरलेल्या दीडशे किमीत काही झालं नाही.

त्या दिवसापासून मी टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेमकं वॉल्व्हसमोर आणते. तुम्हीही आणा, म्हणजे ट्यूबमधलं भोक आणि टायरवरची जागा लगेच जुळते. भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर टायरचा दोष नाही, रिमची पट्टी सरकून स्पोकचं तोंड उघडं पडलं असेल. आणि साप चावल्यासारखी दोन भोकांची जोडी दिसली तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमला चिमटली. सामानात चिमटा ठेवा, त्याला वजन ते काय. टायर आत्ता नका बदलू, धागे दिसत असतील किंवा मधला भाग सपाट झाला असेल तरच बदला.

प्रश्न : पहाटे तीनच्या सुमारास सायकलवर डोळे मिटतात. कॉफीनं काही होत नाही. बरोबरचे म्हणतात गाणी म्हण, तोंडावर पाणी मार.

उत्तर : थांबा आणि झोपा. याला दुसरं उत्तर माझ्याकडे नाही. पहाटे दोन ते पाच शरीर झोपच मागतं, ते कितीही तयारी केली तरी मागतंच, आणि डुलकी लागली की सायकल कुठल्या बाजूला जाईल हे आपल्या हातात राहत नाही. लक्षणं ओळखा, शेवटचे दोन किमी आठवत नाहीत, रस्त्याकडेचं झाड माणसासारखं दिसतं, सायकल पट्टा सोडून सरकते. यातलं एक झालं की पुढचा कंट्रोल कितीही जवळ असो, रस्त्यापासून लांब, उजेडातली सुरक्षित जागा बघून वीस मिनिटांचा गजर लावा आणि आडवे व्हा. कॉफी प्यायची तर झोपायच्या आधी प्या, तिला लागू पडायला तेवढा वेळ लागतोच. वीस मिनिटांत उठलं की अंग जड होत नाही, पाऊण तास झोपलात तर उठवत नाही, त्यामुळे जास्त वेळ हातात असेल तर मग सरळ दीड तास झोपा. आणि राईडच्या आधीच्या दोन रात्री नीट झोप घ्या, सामानाची बांधाबांध आदल्या रात्री बारापर्यंत करत बसू नका.

प्रश्न : माझा मुलगा रात्रभर सायकल चालवतो. मी जागी असते. दर तासाला फोन करते तर तो चिडतो. आईनं काय करायचं?

उत्तर : काकू, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दर तासाला फोन आला की त्याला थांबावं लागतं, हातमोजे काढावे लागतात, किंवा तो चालत्या सायकलवर उचलतो आणि तेच जास्त धोक्याचं. त्याच्याशी निघायच्या आधी ठरवून घ्या की प्रत्येक कंट्रोलला पोचल्यावर तो फक्त एक शब्द पाठवेल, "पोचलो". कंट्रोल कुठे आहेत आणि साधारण किती वाजता येतील याचा कागद तुमच्या हातात असू दे. फोनमधलं लोकेशन शेअर करायला सांगा, ठिपका सरकताना दिसला की जिवाला बरं वाटतं. आणि तो घरातून निघताना तुम्ही स्वतः बघा, पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, जास्तीचा एक दिवा, चमकणारं जॅकेट, हेल्मेटचा पट्टा. ब्रेव्हेत रात्री हे दिवे आणि जॅकेट लागतातच, त्यामुळे तुम्ही बघितलं म्हणून तो चिडणार नाही.

आणि मुलांनो, हे तुम्ही वाचत असाल तर तो एक शब्द विसरू नका.

प्रश्न : ६०० च्या राईडला ४३० व्या किमीला, रात्री दोन वाजता सोडून दिलं. पाय ठीक होते, सायकल ठीक होती, वेळही होता. आता महिना झाला, सायकलकडे बघवत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

उत्तर : नाही हो. तुम्ही लिहिलंयत की तोवर सहा तास धड खाल्लं नव्हतं, कपडे ओले होते आणि आदल्या रात्री चार तास झोप झाली होती. उपाशी, गारठलेल्या, झोप न झालेल्या माणसाला रात्री दोन वाजता सगळंच संपल्यासारखं वाटतं, मलाही वाटलंय, दोनदा सोडलंयसुद्धा. त्या वेळी जे वाटतं ते खरं मानायचं की नाही हा प्रश्न आहे, आणि गुडघा किंवा डोकं खरंच बिघडलं असेल तर सोडणं हेच बरोबर असतं, त्यात कमीपणा नाही.

पुढची सहाशे लगेच नको. आधी एक साधी शंभर मारून या, घड्याळ न लावता, सोबतीला कुणी असेल तर फारच छान. मग जेव्हा पुन्हा सहाशेला जाल तेव्हा सीटच्या बॅगेत एक कोरडा बनियन आणि कोरडे मोजे प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा, ते फक्त रात्रीसाठी. आणि सोडावंसं वाटलं की आधी कपडे बदला, काहीतरी गरम खा, वीस मिनिटं झोपा. कार्ड तोपर्यंत खिशातच राहू दे, कुणाच्या हातात देऊ नका. उठल्यावर ठरवा.